पाखरांच्या पोटापाण्याचा अभ्यासक : डॉ. सलीम अली

आज राजस्थानात असलेल्या तत्कालीन भरतपूर संस्थानात १२ नोव्हेंबर १९३८ रोजी एक मोठी शिकार झाली. केवलादेव घना या उथळ सरोवराच्या काठी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो आणि त्यांच्या पाहुण्यांनी त्या एकाच दिवसात ४,२७३ पक्षी टिपले. संस्थानिकांना आणि त्यांच्या गोऱ्या पाहुण्यांना या आकड्याचा एवढा अभिमान होता की अशा शिकारींची नोंद तेथे दगडात कोरून ठेवण्यात आली. ती आजही वाचता येते.

योगायोग असा की त्याच दिवशी मुंबईच्या एका पक्षी-अभ्यासकाच्या वयाला ४२ वर्षे पूर्ण होत होती. तोही पक्षी मोजत असे. मात्र त्याच्या मोजणीत पक्ष्यांच्या संख्येबरोबर आणखी काही प्रश्न असत. हा पक्षी काय खातो, त्याचे खाद्य कोठून येते, तो कोणाच्या उपयोगी पडतो आणि तो नाहीसा झाला तर कोणाकोणाचे पोट रिकामे राहील, हे ते प्रश्न. पुढे याच सरोवराच्या रक्षणासाठी त्याने आपले वजन खर्ची घातले आणि आयुष्याच्या अखेरीस याच सरोवराने त्याच्या एका ठाम मताची कठोर परीक्षाही घेतली. त्या अभ्यासकाचे नाव डॉ. सलीम अली.

सजीव एकमेकांच्या अन्नावर कसे जगतात, हा विषय शाळेच्या पुस्तकात बाणांच्या आकृतीने शिकवला जातो. गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार अशी ती अन्नसाखळी असते. प्रत्यक्षात अशा असंख्य साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि त्यांचे मिळून अन्नजाळे तयार होते. या जाळ्याचा एकेक धागा हातात घेऊन तो कोठे जातो हे पाहण्यात सलीम अलींचे आयुष्य गेले.

पिवळ्या गळ्याची चिमणी

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे असताना आईचेही छत्र हरपले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या मुलांना आपल्या घरी वाढवले. मामा शिकारीचे शौकीन होते. त्या काळच्या सुस्थित घरांतील मुलांप्रमाणे लहानग्या सलीमच्या हातीही छऱ्याची बंदूक आली.

दहा-अकरा वर्षांच्या वयात त्याने एक चिमणी मारली. ती नेहमीच्या चिमणीसारखी दिसत होती. पण तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. हा कोणता पक्षी, हे घरात कोणालाच सांगता येईना. मामा मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनी भाच्याला सोसायटीचे मानद सचिव वॉल्टर मिलार्ड यांच्याकडे धाडले. मिलार्ड यांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचे सांगितले, कपाटे उघडून पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला आणि वाचायला पुस्तके दिली. एका मृत पाखराचे नाव विचारायला गेलेला मुलगा तेथून जन्मभराचा विषय घेऊन परतला.

शिक्षण मात्र सरळ मार्गाने झाले नाही. महाविद्यालयात मन रमेना. १९१४ साली कुटुंबाच्या टंगस्टन खाणीचा आणि इमारती लाकडाचा व्यवसाय पाहण्यासाठी ते ब्रह्मदेशातील तव्हॉय येथे गेले. व्यवसायापेक्षा तेथील जंगलांनीच त्यांना अधिक शिकवले. १९१७ साली परतल्यावर त्यांनी दावर महाविद्यालयात व्यापारी कायदा आणि हिशेबशास्त्र शिकून घेतले. त्याच सुमारास सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर ब्लॅटर यांच्या सांगण्यावरून प्राणिशास्त्राचाही अभ्यास केला. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना बेगम यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ब्रह्मदेशातील व्यवसाय पुढे बुडाला. झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियातील पक्षितज्ज्ञाची जागा रीतसर पदवी नसल्यामुळे त्यांना मिळू शकली नाही.

१९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या निसर्गविज्ञान दालनात त्यांना मार्गदर्शक व्याख्यात्याची नोकरी मिळाली. दोन वर्षांत त्यांच्या ध्यानात आले की काचेच्या पेटीतील पक्ष्याविषयी बोलण्यासाठी आपले ज्ञान अपुरे आहे. रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि त्या काळचे थोर पक्षिशास्त्रज्ञ एर्विन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शिकले. पक्ष्याचे कातडे मोजून नाव देण्यावर थांबायचे नाही, जिवंत पक्षी आपल्या परिसरात कसा जगतो ते पाहायचे, ही दृष्टी त्यांना तेथे मिळाली. १९३० साली ते मायदेशी परतले तेव्हा पैशाअभावी म्युझियममधील त्यांची जागाच रद्द झालेली होती.

किहीमचे दिवस

नोकरी नाही, मुंबईत राहण्याचा खर्च परवडत नाही, अशा अवस्थेत हे दांपत्य अलिबागजवळच्या किहीम या किनाऱ्यावरील गावी राहायला गेले. पुढे जगभर गाजलेले त्यांचे काम या बेकारीच्या काळातले आहे.

घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. आपल्या भाषेने या पक्ष्याला स्त्रीलिंगी नाव दिले असले तरी ते नक्षीदार घरटे नर विणतो, हे सलीम अलींनी महिनोन्महिने जवळून पाहिले. नर घरटे अर्धे विणून थांबतो. माद्या येऊन त्याची पाहणी करतात. एखादीला ते पसंत पडले की नर ते पूर्ण करतो, ती अंडी घालते आणि नर शेजारी दुसरे घरटे विणायला घेतो. एकामागून एक संसार मांडण्याची ही रीत त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात तपशिलाने मांडली.

या घरट्यांचा हंगाम पावसाशी बांधलेला असतो आणि त्यामागे पोटाचेच कारण आहे. एरवी दाण्यांवर जगणारी सुगरण पिलांना मऊ किडे, अळ्या आणि नाकतोडेही भरवते. पाऊस पडला की गवत आणि भात वाढते, त्यावर कीटक वाढतात आणि त्याच सुमारास पिलांच्या चोची उघडतात. विणकामाला लागणाऱ्या लांब हिरव्या पात्याही तेव्हाच मिळतात. पाऊस लांबला तर घरटेही लांबते.

त्याच काळात त्यांनी कोकणातल्या एका अप्रिय वनस्पतीकडे लक्ष दिले. ती वनस्पती म्हणजे बांडगूळ. आंब्याच्या बागायतदाराला ती शत्रूसारखी वाटते, कारण ती आंब्याच्या फांदीत मुळे रुतवून त्याचा रस शोषते. ती या फांदीवरून त्या फांदीवर, या बागेतून त्या बागेत जाते कशी, हा सलीम अलींचा प्रश्न होता.

उत्तर दोन चिमुकल्या पक्ष्यांत होते. बांडगुळाच्या लांब नळीदार फुलांच्या तळाशी मध असतो. तेथवर शिंजिराची बाकदार चोच पोहोचते आणि मध पिताना त्याच्या कपाळाला लागलेले परागकण पुढच्या फुलावर जातात. फळ धरले की पाळी येते फुलटोच्याची. हा अंगठ्याएवढा पक्षी ती फळे आवडीने गिळतो. बी चिकट आवरणासह थोड्याच वेळात पोटातून बाहेर पडते. तो चिकटा सोडवण्यासाठी पक्षी अंग फांदीला घासतो आणि बी तेथेच चिकटून रुजते. फुलटोच्याला अन्न मिळते आणि बांडगुळाला नवे झाड मिळते. ज्या फांदीवर हा व्यवहार होतो त्या आंब्याला मात्र नुकसान सोसावे लागते.

कोकणातील हे निरीक्षण आकाराने लहान असले तरी त्याचा अर्थ मोठा आहे. फुलटोच्या बागायतदाराचा मित्र की शत्रू, याला सरळ उत्तर नाही. तो बांडगूळ पसरवतो आणि कीटक, कोळीही टिपतो. जाळ्यातील प्रत्येक जीव एकाच वेळी अनेकांशी बांधलेला असतो. उपयुक्त आणि उपद्रवी हे शिक्के माणसाने आपल्या सोयीने मारलेले असतात.

संस्थानांतील पायपीट

पगाराची नोकरी नसल्याने सलीम अलींनी एक धाडसी तोड काढली. देशातील अनेक संस्थानांत पक्ष्यांची शास्त्रीय पाहणी झालीच नव्हती. आपण हे काम मोबदल्याशिवाय करू, संस्थानांनी फक्त प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च द्यावा, असा त्यांचा प्रस्ताव होता. १९३१ साली हैदराबाद संस्थानाच्या पाहणीने आरंभ झाला. त्यानंतर त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ, म्हैसूर आणि पुढे कच्छ, गुजरात असा हा प्रवास वाढत गेला. या दैनिकाचे वाचक ज्या ज्या शहरांत पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत, त्यांतील अनेकांच्या परिसरातील पक्ष्यांची पहिली पद्धतशीर यादी सलीम अलींच्या बैलगाडीतून आणि तंबूतून तयार झाली आहे.

या मोहिमांत तेहमिना त्यांच्यासोबत असत. सुखवस्तू घरात वाढलेल्या या बाईंनी जंगलातील राहुट्यांचा संसार आनंदाने सांभाळला. १९३९ साली एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर रक्तात विष पसरून त्यांचे निधन झाले. या आघातानंतर सलीम अली बहीण आणि मेहुण्यांच्या घरी राहू लागले. पुढील जवळजवळ अर्धशतक ते एकटेच होते आणि कामात बुडालेले होते.

१९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक आले. सामान्य वाचकाला पक्षी ओळखता यावा, हा त्याचा हेतू. रंगीत चित्रे आणि साधी भाषा यांमुळे ते घराघरांत गेले. पक्षी माणसाच्या काय उपयोगी पडतात याचाही ऊहापोह त्यात होता. कीटक आणि उंदीर खाणारे, मेलेली जनावरे संपवणारे, फुलांचे परागण करणारे, बिया वाहून नेणारे, असे पक्ष्यांचे अनेक उद्योग त्यांनी वाचकांपुढे ठेवले.

आपल्याकडच्या भोरडीचे उदाहरण पाहावे. हिवाळ्यात भोरड्यांचे थवे ज्वारीच्या शेतावर उतरले की राखणदार गोफण घेऊन माचाणावर उभा राहतो. कणसे फस्त करणारे हे पाखरू त्याच्या दृष्टीने चोर. तीच भोरडी उन्हाळ्यात मध्य आशियातील आपल्या विणीच्या प्रदेशात जाते तेव्हा टोळांचा फडशा पाडते आणि पिलांनाही तेच भरवते. टोळांची भरपूर पैदास असलेल्या वर्षी तिच्या वसाहतीही तेथे मोठ्या भरतात. वाटेत ती पळसाच्या फुलांतील रस पिते, वडा-पिंपळाची फळे खाते. ज्वारीच्या कणसाचा हिशेब करताना या बाकीच्या नोंदी वगळल्या तर हिशेब चुकतो, हा धडा सलीम अलींच्या सगळ्या लेखनातून मिळतो.

केवलादेवचे ताट

भरतपूरच्या त्या सरोवराकडे आता परत जाऊ. केवलादेव घना ही मुळात एक उथळ सखल जागा. संस्थानिकांनी बांध घालून तेथे पावसाळ्यात अजान बंधाऱ्याचे पाणी आणण्याची सोय केली आणि शिकारीसाठी पाणपक्ष्यांचा मोठा तळ तयार झाला. पाण्याबरोबर माशांची पिले येत. उथळ, उबदार पाण्यात शेवाळ आणि पाणवनस्पती वाढत. त्यांवर किडे आणि गोगलगाई, त्यांवर मासे आणि बेडूक पोसले जात. पावसाळा सरता सरता पाण्यातील बाभळींवर चित्रबलाक, मुग्धबलाक, पाणकावळे, बगळे आणि तिरंदाज यांची हजारो घरटी गजबजत.

सलीम अलींनी १९५३ साली सोसायटीच्या शोधपत्रिकेत या जागेवर लेख लिहिला. एवढ्याशा जागेत जमलेल्या चित्रबलाकांच्या वसाहतीला पिले वाढेपर्यंत किती मासे लागत असतील, याचा हिशेब मांडला की टनांची भाषा करावी लागते. हे मासे कोणी बाहेरून आणून टाकत नव्हते. सरोवर स्वतःच ते पिकवत होते आणि पक्ष्यांची विष्ठा पुन्हा त्याच पाण्याला खत पुरवत होती. एकाच झाडावर राहणारे पक्षीही एकाच ताटात जेवत नव्हते. चित्रबलाक उथळ पाण्यात चोच उघडी ठेवून मासा चाचपडतो, तिरंदाज बुडी मारून भाल्यासारखी चोच खुपसतो, मुग्धबलाक गोगलगाय शिंपल्यातून ओढून काढतो. हिवाळ्यात दूर उत्तरेतून येणारे सायबेरियन क्रौंच चिखलातील कंद उकरून खात. पंगत एकच असली तरी प्रत्येकाचे पान वेगळे होते.

स्वातंत्र्यानंतर हे पाणी सोडून द्यावे आणि जमीन शेतीखाली आणावी, अशी मागणी जोर धरू लागली. दुष्काळी मुलखातील शेतकऱ्याची ती मागणी अनाठायी म्हणता येणार नाही. सलीम अलींनी पंतप्रधान पंडित नेहरूंपर्यंत हा प्रश्न नेला आणि सरोवर टिकले. पुढे तेथे स्थलांतरित पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवण्याचे मोठे काम सोसायटीने केले आणि कोणता पक्षी कोठून येतो याचे धागे सायबेरियापर्यंत जोडले गेले. १९८२ साली केवलादेव राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले.

या दरम्यान मानसन्मान येत गेले. अमेरिकेच्या सिडनी डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेला भारत आणि पाकिस्तानातील पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. १९५८ साली पद्मभूषण आणि १९७६ साली पद्मविभूषण मिळाले, तसेच पॉल गेटी पारितोषिकही मिळाले. पारितोषिकाचे पैसे त्यांनी निसर्गसंवर्धनाच्या निधीसाठी दिले. केरळच्या सायलेंट व्हॅलीतील धरणाला विरोध करणाऱ्यांतही ते होते. घनदाट सदाहरित झाडांच्या शेंड्यांवर फळे खाऊन जगणारे सिंहपुच्छ माकड झाडांखेरीज कोठे जाणार, हा त्या वादातील एक कळीचा मुद्दा होता. तो प्रकल्प अखेर मागे घेण्यात आला.

म्हशीचा धडा

केवलादेवचे राष्ट्रीय उद्यान होताना एक निर्णय झाला. आसपासच्या गावांतील म्हशी पिढ्यान्‌पिढ्या या पाणथळीत चरत आल्या होत्या. गुरे पक्ष्यांच्या अधिवासाची नासधूस करतात, त्यामुळे चराई थांबली पाहिजे, असे सलीम अलींचे आणि त्यांच्या संस्थेचे मत होते. त्या काळच्या बहुतेक निसर्गरक्षकांचे मत हेच होते. १९८२ साली चराईवर बंदी आली. गावकऱ्यांना पर्यायी चाऱ्याची पुरेशी सोय न करता ती आली. नोव्हेंबरात गावकरी आणि पोलिस यांच्यात संघर्ष झाला, गोळीबार झाला आणि गावकऱ्यांपैकी काहींना प्राण गमवावे लागले.

त्यानंतर सरोवरात जे घडले ते कोणाच्या अपेक्षेत नव्हते. पास्पालम जातीचे पाणगवत आजवर म्हशी खात होत्या आणि तुडवत होत्या. म्हशी गेल्यावर ते वाढत सुटले आणि मोकळे पाणी झाकू लागले. गवताच्या दाट गाद्यांखाली माशांना जागा उरेना. पोहणाऱ्या बदकांना आणि बुडी मारणाऱ्या पक्ष्यांना उघडे पाणी मिळेना. कंद उकरणाऱ्या क्रौंचांच्या चोची चिखलापर्यंत पोहोचेनात. म्हशींच्या शेणावर वाढणारे किडे आणि शेणातून पाण्याला मिळणारे खतही गेले. यंत्रे लावून गवत काढण्याचा प्रयत्न झाला. पण चार पायांचे जे यंत्र रोज फुकट काम करत होते त्याची बरोबरी त्याला साधली नाही. अखेर गावकऱ्यांना आत येऊन हाताने गवत कापून नेण्याची मुभा द्यावी लागली.

हे सारे सिद्ध केले ते सलीम अलींच्याच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने. १९८० साली सुरू झालेला केवलादेवचा परिसर-अभ्यास दहा वर्षे चालला. पाणी, वनस्पती, मासे, पक्षी, गुरे या सर्वांच्या नोंदी त्यात घेतल्या गेल्या आणि चराईबंदीने पाणथळीचे नुकसान झाले असा निष्कर्ष निघाला. संस्थेच्या आधारस्तंभाच्या मताविरुद्ध जाणारा निष्कर्ष त्याच संस्थेने प्रसिद्ध केला, ही गोष्ट या देशाच्या विज्ञानाला भूषणावह आहे. ज्यांचे प्राण गेले त्यांच्या घरी मात्र या निष्कर्षाचा काही उपयोग नव्हता.

सलीम अलींच्या चरित्रातील हा भाग अनेकदा चटकन उरकला जातो. तो तसा उरकू नये. फुलटोच्या आणि बांडगूळ यांचे नाते ज्यांना फांदीवर बसून दिसले, त्यांना म्हैस आणि क्रौंच यांचे नाते दिसले नाही. याचे कारण बहुधा असे की म्हशीमागे माणूस उभा होता, आणि माणसाला जाळ्याच्या बाहेरचा उपद्रवी पाहुणा समजण्याची सवय त्या पिढीच्या निसर्गरक्षणाला जडलेली होती. केवलादेवचे सरोवर माणसानेच बांधलेले होते, त्याचे पाणी माणूस सोडत होता आणि त्याचे गवत माणसाची जनावरे राखत होती. त्या अन्नजाळ्यातून गावकऱ्याला वेगळे काढणे शक्यच नव्हते. सलीम अलींनी आयुष्यभर शिकवलेली मोजणी पूर्ण केली की हाच निष्कर्ष निघतो.

मागे राहिलेले

१९८५ साली सलीम अलींची राज्यसभेवर नियुक्ती झाली आणि त्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्र आले. त्याचे नाव त्यांनी एका चिमणीच्या मरणावरून ठेवले. २० जून १९८७ रोजी मुंबईत दीर्घ आजाराने त्यांचे निधन झाले. वय ९० वर्षे होते. केवलादेवचा अंतिम अहवाल त्यानंतर आला.

त्यांच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच त्याच भरतपुरातून आणखी एक इशारा आला. १९९०च्या दशकात सोसायटीच्या अभ्यासकांना केवलादेवमधील गिधाडे झपाट्याने कमी होताना दिसली. पुढे उलगडले की गुरांना दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत होती. २००६ साली भारताने गुरांसाठी या औषधावर बंदी घातली. तोवर देशातील काही जातींची बहुतांश गिधाडे संपलेली होती. मेलेली गुरे उघड्यावर सडू लागली आणि भटक्या कुत्र्यांचे फावले. दुखऱ्या गाईला दिलेल्या सुईचे परिणाम आकाशापर्यंत पोहोचले. वर्षानुवर्षे तीच जागा, तेच पक्षी मोजत राहण्याची शिस्त सलीम अलींनी लावून दिली नसती, तर ही घट ध्यानात यायला आणखी उशीर झाला असता.

गोव्याशीही त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. एका सहकाऱ्यासह गोव्यातील पक्ष्यांवर त्यांनी लिहिलेला निबंध १९७६ साली प्रसिद्ध झाला. मांडवी नदीतील चोडण बेटाच्या टोकाला खारफुटीचे जे पक्षी अभयारण्य आहे त्याला त्यांचे नाव देण्यात आले. त्याचे क्षेत्रफळ दोन चौरस किलोमीटरही भरत नाही. तरीही होडीतून आत शिरले की त्यांच्या अभ्यासाचा विषय समोर उलगडतो. खारफुटीची पाने गळून चिखलात पडतात. ती खेकडे कुरतडतात, जिवाणू कुजवतात. त्या कुजक्या चुऱ्यावर कोळंबी आणि माशांची पिले पोसली जातात. ओहोटीला चिखल उघडा पडला की बगळे आणि किनाऱ्यावरील स्थलांतरित पक्षी त्यावर उतरतात, खंड्या फांदीवरून सूर मारतो. हीच पिले मोठी होऊन नदीत आणि समुद्रात जातात आणि मासळीबाजारातून आपल्या ताटात येतात.

दर वर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनी तो सुरू होतो आणि सलीम अलींच्या जन्मदिनी संपतो. शाळांतून पक्ष्यांची चित्रे काढली जातात, नावे पाठ केली जातात. त्यासोबत मुलांनी घराजवळच्या एखाद्याच पक्ष्याचा आठवडाभर माग काढला, तो काय खातो, कोणत्या झाडावर, किती वाजता आणि त्याच झाडावर आणखी कोण जेवायला येते याची वही ठेवली, तर ते किहीमच्या त्या बेकार संशोधकाचे काम पुढे नेणे ठरेल. ती वही भरताना झाडाखाली बांधलेल्या गुरांची आणि त्यांच्या मालकाची नोंदही तिच्यात झाली पाहिजे.